धारवाड, गाणगापूर आणि गल्लीतली माणसं: मागची गोष्ट

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणी जरा विचित्र वागायला लागलं की अजून चेष्टेत म्हणतात, ह्याला धारवाडला धाडा. चेष्टा जुनी आहे, कारण धारवाडचं वेड्यांचं इस्पितळ १८४५ सालचं, मुंबई इलाख्यातलं, आणि बेळगावपण तेव्हा त्याच इलाख्यात. आज तेच डिम्हान्स, धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था. तेव्हा उपचार कमी न् कोंडणं जास्त, १९१२चा कायदापण त्याच वळणाचा, मॅजिस्ट्रेटची ऑर्डर आणि कुलूप.

मग घरचे न्यायचे कुठं? नरसोबाची वाडी, नाहीतर गाणगापूर. नावं ठेवायला सोपं आहे ओ, पण तिथं माणूस एकटा जायचा नाही, आई, भाऊ, गल्लीतला एखादा दांडगा गडी सोबत मुक्काम करायचे, वेळेवर दोन घास खायला लावायचे. म्हणून सगळं गोड होतं असंपण नाही, तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायचे, तिथं ६ ऑगस्ट २००१ला आग लागली तेव्हा साखळीत बांधलेल्यांना पळताच आलं नाही, २८ जण गेले.

घरच्यांचा उपयोग डॉक्टरांच्या लक्षात यायला १९५०चं दशक उजाडलं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि पेशंटसोबत नातेवाइकांना ठेवून घेतलं. पुढं १९८२ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, आणि तो जिल्ह्यात कसा चालवायचा ते बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थेनं आपल्याच राज्यात, बळ्ळारीत करून बघितलं: प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि गावात फिरणारे आरोग्य कर्मचारी यांनाच शिकवायचं. तोच नमुना १९९६पासून देशभर गेला.

कर्नाटकात आता मनोचैतन्य ह्या सरकारी योजनेखाली मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार डॉक्टर येतात. आमच्याकडं तिथंपण सोबतीचा माणूस लागतोच, कारण पेशंट घरात मराठी बोलणारा आणि डॉक्टरांचं बोलणं कन्नडात, मग शेजारची मावशी मध्ये बसून सांगते, रात्री झोपत नाही, भिंतीशी बोलतो, आणि गोळ्यांची चिठ्ठी पदराला बांधून वर विचारते, बरं वाटलं की बंद करायच्या काय? हा प्रश्न पेशंट कधीच विचारत नाही. माझ्या मते निम्मा इलाज तिथंच होतो.

मावशीसारख्या सोबतीच्या माणसांना शिकवायचं रीतसर ट्रेनिंग २०००च्या सुमारास ऑस्ट्रेलियात निघालं, मेंटल हेल्थ फर्स्ट एड. बेटी किचनर आणि टोनी जॉर्म या नवरा-बायकोनं ते काढलं, बेटीबाई स्वतः डिप्रेशनमधून गेलेल्या. जवळ जा, नावं न ठेवता ऐकून घे, धीर दे, डॉक्टरपर्यंत पोचव, एवढंच. आपल्याकडं १० ऑक्टोबर २०२२पासून टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन १४४१६, मराठीतपण बोलता येतं.

कायदापण बदलला. जिवाचं बरंवाईट करायला गेलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, हे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५मध्ये आहे, आणि जुलै २०२४पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम तसंच्या तसं घेतलेलंच नाही. तरी केस होईल ह्या भीतीनं शेजारी कॅज्युअल्टीत अजून सांगतात, चुकून झालं ओ डॉक्टर. मग पोरगं शुद्धीवर येतं, डिस्चार्ज घेऊन घरी येतं, आणि मानसोपचाराच्या ओपीडीकडं त्याला कुणी नेतच नाही.