डॉ. श्रीराम लागू : ‘नटसम्राट’च्या आधीची वर्षं

डॉ. श्रीराम लागूंची गोष्ट बहुतेक जण एका वाक्यात उरकतात : डॉक्टरकी सोडली आणि नट झाले. १९६९ साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी खरोखरच तसं केलं. पण ऐकणाऱ्याला वाटतं, एका सकाळी उठून माणसानं दवाखान्याला कुलूप ठोकलं. तसं काही नव्हतं. तोवर नाटकात त्यांची दीड-दोन दशकं गेली होती. फक्त ते काम हौशी होतं आणि त्यावर घर चालत नव्हतं.

जन्म साताऱ्याचा, १६ नोव्हेंबर १९२७. शिक्षण पुण्यात : भावे हायस्कूल, फर्ग्युसन आणि मग बी. जे. मेडिकल. नाटकाचा नाद लागला तो विद्यार्थिदशेतच. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला भालबा केळकर आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली. पुण्यात तिला आजही सगळे पीडीए म्हणतात. दिवसा नोकरी-व्यवसाय, संध्याकाळी तालीम, असा इथला शिरस्ता. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि अशा संस्थांना वर्षाकाठी एक नवं नाटक उभं करण्याचं निमित्त मिळालं. वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ पीडीएनंच रंगमंचावर आणलं आणि त्यातले दादासाहेब लागूंनी केले. नाटककार नवा, नट हौशी, पण भूमिका मात्र एका मोडत चाललेल्या म्हाताऱ्याची. पुढे ज्या जातीच्या भूमिकांसाठी लागू ओळखले गेले, त्यांची सुरुवात इथे दिसते.

या काळात डॉक्टरकी थांबली नव्हती. कान-नाक-घसा हा त्यांचा विषय. पुण्यात काही वर्षं व्यवसाय केला, पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड गाठलं, साठच्या दशकात टांझानियात नोकरीही केली. घशाचा डॉक्टर म्हणून आवाज असा कमावलेला, असं कौतुकानं म्हटलं जातं. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. तो आवाज घडला तालमींत आणि वाचनात. शब्द फेकायचा नाही, त्याच्या अर्थाला आधी पोचायचं, ही शिस्त त्यांनी इतकी गांभीर्यानं घेतली की उतारवयात ‘वाचिक अभिनय’ या नावाचं पुस्तकच लिहिलं.

कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ व्यावसायिक नट झाले. त्यानंतरचं १९७० हे साल जरा थांबून पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी त्यांनी विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ बसवलं. एका घरातली हाव आणि हिंसा इतक्या उघडपणे मांडणाऱ्या नाटकाला सेन्सॉरनं अडवलं नसतं तरच नवल. एका प्रसंगात साडीवर दिसणाऱ्या तांबड्या डागालाही हरकत घेतली गेली. मग डाग निळा केला आणि तो तांबडा समजावा, अशी सूचना प्रेक्षकांना दिली गेली! नियमही पाळला आणि नियमाचं हसंही झालं.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. लेखक वि. वा. शिरवाडकर, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. ‘किंग लिअर’ची सावली असलेले हे गणपतराव बेलवलकर लागूंनी केले तेव्हा त्यांचं वय होतं त्रेचाळीस. एका बाजूला तेंडुलकरांचं शिवराळ, रखरखीत गद्य आणि दुसऱ्या बाजूला शिरवाडकरांची ओसंडून वाहणारी स्वगतं. दोन्ही भाषा एकाच माणसाला पेलल्या, याचं श्रेय मी त्या हौशी वर्षांना देतो. तिथे भूमिकांचा साचा ठरवणारा तिकीटविक्रीचा धाक नव्हता. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही बेलवलकर उभे केले आणि आपापल्या परीनं गाजवले. तरी तुलना व्हायची ती लागूंशीच.

सिनेमा मागोमाग आला. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा. त्यातला तत्त्वनिष्ठ मास्तर तमाशाच्या फडात घसरत जातो. जब्बार पटेलांच्या ‘सामना’त पुन्हा मास्तरच, पण हा दारुडा आणि साखरसम्राट हिंदुरावाला, म्हणजे निळू फुल्यांना, मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत सुटलेला. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. दोन मास्तर ओळीनं पाहावेत. पहिल्यात अभिनय मोठ्या पल्ल्याचा, दुसऱ्यात जवळजवळ बोलण्याइतका साधा.

हिंदीत मात्र त्यांचं फार नुकसान झालं, असं माझं मत. ‘घरौंदा’साठी सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला, ॲटनबरोंच्या ‘गांधी’त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले, मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये पावसात घराबाहेर पडून परत न येणारा प्राध्यापक त्यांनी केला. बाकी शंभराच्या घरातल्या चित्रपटांत बहुतेक वेळा श्रीमंत बाप, न्यायाधीश किंवा डॉक्टर!

रंगभूमी त्यांनी सोडली नाही. कानेटकरांच्याच ‘हिमालयाची सावली’तले नानासाहेब भानू, गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, एळकुंचवारांचं ‘आत्मकथा’. प्रेमानंद गज्वींचं ‘किरवंत’ त्यांनी दिग्दर्शित केलं. सत्तरी ओलांडल्यावर मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये सॉक्रेटिस केला. ही निवड त्यांच्या विचारांशी जुळणारीच होती. देवाला रिटायर करा, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं होतं, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर ते नरेंद्र दाभोलकरांबरोबर उभे राहत. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा करायला निळू फुल्यांसह ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग घेऊन गावोगाव हिंडण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही.

मुलगा तन्वीर धावत्या लोकलवर भिरकावलेल्या दगडानं गेला. त्याच्या नावानं लागू आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री दीपा लागू, यांनी रूपवेध प्रतिष्ठानतर्फे २००४ पासून तन्वीर सन्मान सुरू केला. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात लागू गेले. सन्मानाच्या जोडीला तन्वीर नाट्यधर्मी पुरस्कारही दिला जातो. तो प्रायोगिक नाटकात निष्ठेनं काम करत राहिलेल्या रंगकर्मींसाठी आहे.