वजाबाकीची भीती

नाव-पत्ता खोडला की माणूस ओळखू येत नाही, असं आपल्याला उगाच वाटतं. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यालाही तसंच वाटलं आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी, नावं काढून पण जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड तसेच ठेवून, संशोधकांना मिळू लागल्या. एमआयटीत शिकणाऱ्या लतान्या स्वीनी यांनी 20 डॉलरला त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या यादीत सहा जण निघाले. त्यांतले पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिन कोडमधला फक्त एक. गव्हर्नरांचा वैद्यकीय इतिहास उघडा पडला.

पण तपशील खोडत गेलं तर संशोधनाला हाती काय लागणार? यावर अमेरिकेच्या जनगणना विभागाने वेगळा मार्ग काढला : माहिती बाहेर द्यायची नाही, संशोधकालाच आत बोलवायचं. मुख्यालयाबाहेरचं असं पहिलं केंद्र 1994 मध्ये बोस्टनला निघालं. आज बर्कली, मिशिगन, कॉर्नेल यांसारख्या तीसेक ठिकाणी ती आहेत. आत जाण्याआधी चौकशी होते आणि गुप्ततेची आजन्म शपथ घ्यावी लागते. ती मोडली तर 5 वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. (तिकडे पीएचडी करणाऱ्या आपल्या मुलांसाठी : नागरिक नसाल, तर गेल्या 5 वर्षांतली निदान 3 अमेरिकेत काढलेली हवीत.)

गंमत म्हणजे या कुलूपबंद खोलीत माहिती नसतेच. टेबलावर नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड. नोंदी आणि आकडेमोड दूरच्या सरकारी सर्व्हरवर. पेन ड्राइव्ह लावायची सोय नाही, इंटरनेट नाही.

माझ्या मते खरी राखण मात्र दारावर नाही, निकालावर आहे. समजा, एका तालुक्याएवढ्या भागात 10 कारखाने आहेत आणि त्यांची सरासरी उलाढाल 50 लाख डॉलर. हा आकडा छापला, कुणाचं काही बिघडलं नाही. पुढच्या तक्त्यात संशोधकाने एक जुना कारखाना वगळला : 9 कारखाने, सरासरी 30 लाख. आता 500 लाखांतून 270 लाख वजा करा. वगळलेल्या कारखान्याची उलाढाल 230 लाख डॉलर, आणि ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याला घरबसल्या कळली! दोन्ही तक्ते एकेकटे निरुपद्रवी होते. म्हणून बाहेर जाणारा प्रत्येक तक्ता तपासला जातो, आकडे जवळच्या गोल संख्येत मांडले जातात, आधी काय बाहेर दिलं होतं तेही पाहिलं जातं.

संशोधक याला वैतागतात, आणि ते रास्तच आहे. परवानगीतच महिनोन् महिने जातात. अर्धवट निकाल शपथ न घेतलेल्या सहलेखकालाही दाखवता येत नाही.

तरीही अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये जनगणना आणि प्राप्तिकराच्या गोपनीय नोंदी जोडून सुमारे 2 कोटी मुलांचा माग काढला : कोणत्या वस्तीत वाढलेलं गरिबाघरचं मूल पुढे किती कमावतं. वस्तीवार नकाशा सगळ्यांना खुला आहे. फक्त त्यातल्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली आहे, म्हणजे कुणी वजाबाकी करायला बसलंच, तर उत्तर चुकावं.