हौशी रॅकेटपटू (मुंबई)

टेनिस, बॅडमिंटन, स्क्वॉश किंवा टेबल टेनिस अव्वल दर्जाचे खेळणारा, पण पोटापाण्यासाठी नोकरी-धंदा करणारा खेळाडू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रॅकेटच्या बहुतेक खेळांत अशांचेच राज्य होते. बक्षीस म्हणून करंडक चाले, रोख रक्कम घेतली की हौशीपण गेले.

स्क्वॉशमध्ये हा भेद सरळसरळ वर्गाचा होता. जिमखान्यांचे सभासद म्हणजे व्यापारी, वकील, कंपन्यांचे साहेब, ते हौशी. त्यांना खेळवणारा पगारी मार्कर (कोर्टावरचा नोकर-प्रशिक्षक) व्यावसायिक ठरे आणि हौशी स्पर्धांना मुके. खेळात पुष्कळदा तोच सरस असे. १९४४ साली मुंबईतल्या व्यावसायिकांच्या अखिल भारतीय स्पर्धेत हाशिम खानने अब्दुल बारीला हरवले. पुढे बारी १९५० मध्ये ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि १९५१ मध्ये हाशिमने ती स्पर्धाच जिंकली. हौशींमध्ये मुंबईचा अनिल नायर या तोडीचा. १९६९ व १९७० साली तो अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता होता.

बॅडमिंटनमध्ये पहिले नाव नंदू नाटेकरांचे. आधी ते टेनिस खेळत. कुमार गटाच्या राष्ट्रीय अंतिम फेरीत रामनाथन कृष्णनकडून हरल्यावर बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत तेही होते.

बाकीच्यांचा दिनक्रम ऑफिस सुटल्यावर सुरू होई. लाकडी रॅकेट वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या प्रेसमध्ये आवळून ठेवायची. पावसाळ्यात गटच्या (जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या) तारा सैल पडत, तो खर्च वेगळा. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये झुळकीने शटल भरकटते म्हणून खिडक्या बंद, पंखेही बंद. मुंबईच्या दमट हवेत तीन गेम खेळणे म्हणजे काय, हे खेळलेल्यालाच ठाऊक. बँका, रेल्वे, तेल कंपन्या खेळाडूंना नोकरी आणि स्पर्धांसाठी रजा देत. नियमांच्या दृष्टीने असा खेळाडू कारकून किंवा अधिकारी असे. खरे तर पगार बऱ्याच अंशी खेळाचाच होता आणि ही पळवाट सगळ्यांना सोयीची होती.

टेनिसने १९६८ मध्ये, तर बॅडमिंटन व स्क्वॉशने १९८० च्या सुमारास हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली ही भिंत पाडली. आता नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे मुख्यतः पस्तिशीपुढच्या व्हेटरन्स गटांत दिसतात.