कोचचा पायगुण

११ ऑक्टोबर २०२०च्या रविवारी अमेरिकन फुटबॉलमधले अटलांटा फाल्कन्स सलग पाचवा सामना हरले आणि त्याच रात्री त्यांचे कोच डॅन क्विन यांना नारळ मिळाला. मला मनातून बरं वाटलं. पाचपैकी पाच हरलेला संघ, वर डोक्यावरचा माणूसही गेलेला. पुढच्या रविवारी हे हरणार यात शंकाच नव्हती. आमच्या न्यू जर्सीच्या ऑफिसातल्या पूलमध्ये, म्हणजे पैजेच्या खेळात, मी त्या आठवड्यासाठी फाल्कन्सचं नाव भरलं.

हा पूल जरा वेगळा आहे. फुटबॉल अर्थात अमेरिकेतला, लांबट चेंडू हातात धरून पळायचा. प्रत्येकी दहा डॉलर काढायचे आणि दर आठवड्याला जिंकणारा नाही, हरणारा संघ सांगायचा. तो हरला तर तुम्ही पुढच्या आठवड्यात, जिंकला तर तुमच्या नावावर काट. एका संघाचं नाव हंगामात एकदाच घेता येतं. एरवी हा तक्ता कॉफी मशीनशेजारी भिंतीवर लागतो. त्या वर्षी सगळे घरून काम करत होते, म्हणून तो एक्सेलमध्ये होता.

१८ ऑक्टोबरला फाल्कन्स मिनेसोटात जाऊन ४०-२३ असे जिंकले. सोमवारी माझी ओळ लाल झाली आणि मूळचा साताऱ्याचा असलेला सहकारी फोनवर म्हणाला, "अगं, कोच बदलला ना त्यांनी. नव्या माणसाचा पायगुण!" त्याच्याकडे पुरावाही होता. आदल्याच आठवड्यात ह्यूस्टन टेक्सन्सने चार पराभवांनंतर बिल ओब्रायन यांना काढलं होतं आणि पुढच्याच सामन्यात जॅक्सनविलला ३०-१४ असं हरवलं होतं. दोन आठवडे, दोन हकालपट्ट्या, दोन विजय.

हा पायगुण नेमका कसा तयार होतो, ते मला सांगायचं आहे. माझं नाव लाल होण्याचं कारण आणि कोच लोकांची नोकरी जाण्याचं कारण, दोन्ही एकाच आकडेमोडीत आहेत.

एक खेळ कल्पून पाहा. एनएफएलमध्ये, म्हणजे या फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, ३२ संघ आहेत. समजा, सगळे अगदी सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. १६ सामन्यांच्या हंगामात (२०२०पर्यंत १६च होते, आता १७ आहेत) प्रत्येकाला सरासरी ८ विजय मिळतील. पण सगळ्यांना बरोब्बर ८ मिळणार नाहीत. कुणाला ११, कुणाला ५, एखाद्याला ४. हा विखुरलेपणा मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन. १६ नाणेफेकींसाठी ते बरोबर २ विजय येतं. म्हणजे कुणीही कुणापेक्षा सरस नसताना तक्त्यात एक 'महान' आणि एक 'टाकाऊ' संघ दिसणारच, आणि टाकाऊ संघाच्या कोचला नारळही मिळणार.

आता खऱ्या लीगकडे या. तिथे विजयांचं प्रमाण विचलन साधारण ३ आहे. ३ आणि २ यांची थेट वजाबाकी करायची नसते, त्यांच्या वर्गांची करायची. एकूण विखुरलेपणाचा वर्ग ९, त्यातले नशिबाचे ४, उरलेले ५ संघांच्या खऱ्या ताकदीतल्या फरकाचे. म्हणजे हंगामाच्या शेवटी आपण जो तक्ता बघतो, त्यातला निम्म्याहून थोडाच जास्त भाग गुणवत्तेचा असतो. ही १६ सामन्यांनंतरची गोष्ट. चार-पाच सामन्यांनंतर नशिबाचा वाटा कितीतरी मोठा असतो.

इथे थोडं सावकाश वाचा, कारण मला या विषयातला हाच भाग सगळ्यात आवडतो. एका नाणेफेकीचा विखुरलेपणा (पुन्हा वर्गातच) ०.२५ असतो. संघांच्या खऱ्या ताकदीचा विखुरलेपणा एका सामन्याच्या मापात आणायचा तर ५ला १६च्या वर्गाने, म्हणजे २५६ने भागायचं, सुमारे ०.०२ येतात. आता ०.२५ला ०.०२ने भागा. बारा-तेरा येतात. मी बारा धरते. या बाराचा अर्थ फार सुंदर आहे. कोणत्याही संघाची खरी ताकद ओळखायची असेल, तर त्याच्या खात्यात आणखी १२ काल्पनिक सामने टाका, ६ जिंकलेले आणि ६ हरलेले, आणि मग टक्केवारी काढा. हंगाम कोवळा असताना हे १२ सामने खऱ्या सामन्यांवर भारी पडतात; जसजसे खरे सामने वाढतात तसतसं त्यांचं वजन कमी होत जातं.

फाल्कन्सवर लावून बघू. ५ सामने, ० विजय. त्यात १२ सामने आणि ६ विजय मिसळले की १७ पैकी ६, म्हणजे सुमारे ३५ टक्के. उरलेल्या ११ सामन्यांत ३.९ विजय अपेक्षित. नव्या कोचच्या, रहीम मॉरिस यांच्या हाताखाली त्यांनी जिंकले ४. टेक्सन्सचे ४ सामने, ० विजय. १६ पैकी ६, म्हणजे ३७.५ टक्के, उरलेल्या १२ सामन्यांत ४.५ अपेक्षित. प्रत्यक्षात जिंकले ४. या हिशेबात कोचचं नावसुद्धा नाही. इतकं नेमकं जुळणं हाही थोडा योगायोगच, पण दिशा तीच राहते: तळाला गेलेला संघ वर सरकतो, कारण तो तळाला गेला त्यात ताकदीबरोबर दुर्दैवाचाही वाटा होता, आणि दुर्दैव पुढच्या रविवारी हजर राहायला बांधील नसतं.

फाल्कन्सचं दुर्दैव तर डोळ्यांनी दिसलं होतं. २० सप्टेंबरला डॅलसविरुद्ध शेवटची आठेक मिनिटं उरलेली असताना ते ३९-२४ असे पुढे होते. डॅलसने अंतर कमी करत आणलं आणि मग छोटी किक मारली. असा चेंडू दहा यार्ड पुढे गेला की कुणीही पकडू शकतो. तो स्वतःभोवती गिरक्या घेत घरंगळत होता, फाल्कन्सचे खेळाडू भोवती उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले आणि डॅलसने तो उचलला. सामना ४०-३९ गेला. पुढच्याच आठवड्यात शिकागोविरुद्ध २६-१० अशी आघाडी घालवून ३०-२६ने हरले. तक्त्यात या दोन्हींची नोंद फक्त 'पराभव' अशी.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये हीच गोष्ट माणसांच्या उंचीत दाखवली होती. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नाहीत. फार बुटक्यांची मुलं त्यांच्याइतकी बुटकी नसतात. याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

पायगुण हा शब्द आपल्याकडे गमतीने वापरला जातो, पण मला तो मुळीच गमतीचा वाटत नाही. घरात सून आली आणि धंदा वर आला तर लक्ष्मी. सून आली आणि वर्षभरात सासऱ्यांचं दुखणं निघालं तर अवदसा. किती मुलींनी हे आयुष्यभर ऐकलं असेल! भरभराटीच्या शिखरावर असलेल्या घरात सून आली की पुढचं वर्ष उतरतं असण्याची शक्यता जास्त, आणि हलाखीतल्या घरात आली की चढतं असण्याची. त्या मुलीचा त्यात काडीचा संबंध नसतो.

शिखरावरून उतरण्याचं उदाहरणही याच लीगमध्ये आहे. दर वर्षी एकाला 'कोच ऑफ द इयर' निवडतात. २०१८ मध्ये शिकागोचे मॅट नेगी, १२ विजय. पुढच्या वर्षी ८. २०१९ मध्ये बाल्टिमोरचे जॉन हार्बो, १४, पुढे ११. २०२० मध्ये क्लीव्हलँडचे केव्हिन स्टेफान्स्की, ११ वरून ८. २०२१ मध्ये टेनेसीचे माइक व्रेबल, १२ वरून ७. २०२२ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचे ब्रायन डेबोल, ९ वरून ६. २०२३ मध्ये पुन्हा स्टेफान्स्की, ११ वरून थेट ३. ओळीने सहा वेळा उतरण. दुखापती होत्या, खेळाडू बदलले, हे सगळं खरं. पण पुरस्कार मिळतो तोच मुळी अपेक्षेपेक्षा फार चांगल्या वर्षानंतर, आणि असं वर्ष निवडलं की त्यात नशीबही निवडलं जातं.

मग कोच बदलून काहीच होत नाही का? ते तपासायचं तर तुलनेसाठी असे संघ हवेत, जे तसेच गाळात गेले होते पण ज्यांनी कोच बदलला नाही. नेदरलंड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या (आपल्या ओळखीच्या गोल चेंडूच्या) लीगचे १९८६ ते २००४चे निकाल घेऊन हेच केलं. कोच काढल्यावर संघ सुधारले. तशाच घसरणीनंतर कोच न काढलेले संघही तेवढेच सुधारले.

म्हणून सगळा दोष नशिबावर ढकलायचा, असंही नाही. क्लीव्हलँड ब्राउन्स २०१७ मध्ये सोळाच्या सोळा हरले. माझ्या हिशेबाने त्यांची ताकद २८ पैकी ६, म्हणजे २१ टक्के. त्यांनी केलेले २३४ गुण आणि दिलेले ४१० गुण यांवरून दुसऱ्या प्रचलित सूत्राने काढली तरी २१च येते. असा संघ १६ सामन्यांत सरासरी तीनेक जिंकतो. शून्यावर राहण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या थोडी वर. पण त्यांचे कोच ह्यू जॅक्सन यांची क्लीव्हलँडमधली एकूण कामगिरी ४० सामन्यांत ३ विजय आणि १ बरोबरी अशी होती. २५ टक्के ताकदीच्या संघानेही ४० पैकी १० जिंकायला हवेत. एवढी तूट केवळ नशिबाने सहसा पडत नाही. तो दोष कोचचा की खेळाडू निवडणाऱ्यांचा, हे मात्र या आकड्यांतून निघत नाही.

पूलबद्दल एक गोष्ट मला उशिरा सुचली. हरणारा संघ शोधताना आपण दुबळे संघ शोधतो, आणि ते तर एकदाच वापरता येतात. उलट सगळ्यात बलवान संघ घ्या आणि दर आठवड्याला त्याच्यासमोर जो असेल त्याचं नाव भरा. १७ सामन्यांत एका संघाला १४ वेगवेगळे प्रतिस्पर्धी मिळतात, म्हणजे एकाच घोड्यावर जवळजवळ सगळा हंगाम निघतो. तरी जपून, दर आठवड्याला तगण्याची शक्यता ७५ टक्के धरली तर ४० जणांतले दहाव्या आठवड्यानंतर दोन-तीनच उरतात.

राहिला कोचचा प्रश्न. या खेळात दहा यार्ड जायला चार प्रयत्न मिळतात आणि चौथ्या प्रयत्नाला बहुतेक कोच चेंडू किक मारून लांब घालवतात. बर्कलेचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की कोच गरजेपेक्षा फार जास्त वेळा किक मारतात. १५ नोव्हेंबर २००९ला इंडियानापोलिसमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे कोच बिल बेलिचेक यांनी मारली नाही. त्यांचा संघ ३४-२८ने पुढे, दोन मिनिटं बाकी, स्वतःच्याच २८ यार्डांवर चौथा प्रयत्न, गरज फक्त दोन यार्डांची. प्रयत्न थोडक्यात हुकला, सामना ३५-३४ने गेला आणि टीकेची झोड उठली. हिशेब मांडून बघा. दोन यार्ड मिळण्याची शक्यता ६० टक्के धरा, मिळाले की सामना खिशात. हुकले तर प्रतिस्पर्ध्याने गुण करण्याची शक्यता ५३ टक्के, किक मारून लांब ढकललं तर ३० टक्के. प्रयत्न करून जिंकण्याची शक्यता ७९ टक्के, किक मारून ७०.

२०२० नंतर मी ऑफिसच्या तक्त्याशेजारी स्वतःपुरती एक वही ठेवते. कोणत्या कोचने चौथ्या प्रयत्नाला, किती यार्ड हवे असताना, काय केलं, एवढंच त्यात लिहिते. सामना कोण जिंकलं त्याला त्यात रकाना नाही.