आईला वात झाला तेव्हा

दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या एका इस्पितळात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "दार लावून घे गं, गाय आत येईल." रामबागेतल्या जुन्या घरी गाय यायची, त्याला पन्नास वर्षं झाली. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "उम्र हो गई है, घबराइए मत." मला ते पटेना. पडण्याच्या आदल्या दिवशी हीच बाई दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तोंडी करत होती.

जुनी माणसं याला 'वात झाला' म्हणत. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश सहसा महिन्यावर्षांनी वाढत जातो. वात तासादिवसांत येतो, कमीजास्त होत राहतो, दिवेलागणीनंतर बरेचदा बळावतो. बरळणं आपल्याला दिसतं, पण मुळात तुटलेलं असतं ते लक्ष. म्हणून डॉक्टर वार किंवा महिने उलटे म्हणायला सांगतात. आई 'फाल्गुन, माघ' म्हणाली आणि खिडकीकडे बघत राहिली. याचा एक गप्प प्रकारही असतो. माणूस नुसतं पेंगत पडून राहतं, घरचे म्हणतात 'झोपू द्या', आणि दुखणं तसंच राहून जातं. मला याचीच जास्त भीती वाटते.

म्हाताऱ्या मेंदूची शिल्लक कमी असते. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, जागरण, एवढ्यानंही तोल जातो. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाला अडवतात, आणि लक्ष टिकवायला मेंदूला तेच लागतं. त्यात चष्मा नाही, कानातलं यंत्र नाही. अर्धवट दिसतं, अर्धवट ऐकू येतं. उरलेलं मेंदू आपल्या आठवणींतून भरतो. आमची गाय तिथूनच आली असावी.

शॅरन इनोये या डॉक्टरबाईंनी १९९९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तर आणि त्यापुढच्या वयाचे ८५२ रुग्ण. निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा, निम्म्यांशी रोज बोलणं, वार-तारीख सांगणं, चालवणं, चष्मा आणि यंत्र हाताशी ठेवणं, आठवणीनं पाणी पाजणं. झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध आणि पाठ चोळून देणं. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना वात झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांना. मात्र ज्यांना तो झालाच, त्यांच्यात त्याची तीव्रता या उपायांनी फारशी कमी झाली नाही. म्हणजे हे सगळं पहिल्या दिवसापासून करायचं असतं.

आम्ही केलं नव्हतं. हरवू नये म्हणून चष्मा आणि यंत्र मीच घरी कपाटात ठेवून आले होते. आणि वहिनीच्या ध्यानात आलं की पाण्याचा पेला सकाळपासून तसाच भरलेला आहे. बेडपॅन मागायचा संकोच, म्हणून आई पाणीच पीत नव्हती. आम्ही लगेच डॉक्टरांना गाठलं. अचानक बदललेलं माणूस उद्यावर टाकू नये, त्याच दिवशी दाखवावं. त्यांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं, झोपेची गोळी बंद केली. रात्री आम्ही पाळीपाळीनं जवळ बसलो. ती जागी झाली की कुठे आहे, कोणता वार आहे, ते हळू सांगायचं. गाईवरून वाद घालायचा नाही. दार लावलंय, म्हणायचं.

आठव्या दिवशी सकाळी मी पुन्हा महिने विचारले. फाल्गुनापासून चैत्रापर्यंत ती न अडखळता उलटी आली, आणि मग म्हणाली, "दूध बंद केलंस का गं? एवढे दिवस दोन लिटरचे पैसे फुकट चाललेत."