उन्हाळी की कोरडेपणा? जळजळ सारखी, दुखणी वेगळी

एप्रिल लागला की आमच्या उपकेंद्राच्या ओट्यावर रोज एक वाक्य ऐकू येतं. "सिस्टर, उन्हाळी लागली. लघवीले लय जयते, गोया द्या." यवतमाळकडचं ऊन, पारा ४५ च्या वर, शेतात ना झाड ना आडोसा. आडोसा नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही. अशात उन्हाळी लागली तर नवल काय?

पण पाळी जाऊन चार वर्षं झालेली बाई पौषाच्या थंडीतही तेच सांगत आली, तर आपण थांबून विचारायला हवं. मी कितीतरी वर्षं विचारलं नाही, याची मला आजही खंत आहे.

एक बाई आठवते. वय ५२, कापूस वेचायला जाणारी. दोन वर्षांत तिने जळजळीसाठी कितीदा गोळ्या घेतल्या याचा हिशेब नव्हता. त्यातल्या दोनदा मीच दिल्या होत्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा गोळ्या घेऊन उठली, दारापाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मालक रागावते. मी जवळ येऊ देत नाही ना. आतून काच लागल्यावानी होते." त्या एका वाक्यात खरं दुखणं होतं आणि ते सांगायला तिला दोन वर्षं लागली.

तिला उन्हाळी नव्हती, योनीचा कोरडेपणा होता.

उन्हाळी म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊकच आहे. घाम फार गेला, पाणी कमी पडलं, की लघवी घट्ट, गडद पिवळी आणि थोडी होते आणि उतरताना जाळते. सावलीत बसा, दिवसभर थोडं थोडं पाणी घ्या, सब्जा किंवा धन्याचं पाणी घ्या. एक-दोन दिवसांत लघवीचा रंग उतरतो आणि जळजळही जाते. ऊन गेलं की ती गेली.

कोरडेपणाला ऋतू नाही. पाळी सलग १२ महिने आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे बहुधा ४६-४७ च्या आसपास घडतं, आणि पिशवीसोबत अंडाशयंही काढली असतील तर कितीही लहान वयात, एकदम. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की योनीची आतली त्वचा पातळ पडते, ताण सोसत नाही, ओल सुटत नाही. लघवीच्या वाटेची त्वचाही याच इस्ट्रोजेनवर पोसलेली असते, म्हणून तीही नाजूक होते. अंगातून वाफा येणं, रात्री घामाने भिजणं हे बहुतेकींचं काही वर्षांत ओसरतं. कोरडेपणा मात्र आपोआप बरा होत नाही, उलट उपचाराविना वाढत जातो. बाया वाट पाहत राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

दोन्हींत जळजळ असते, मग ओळखायचं कसं? मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: जळतं कुठे? धार सुरू असताना आतल्या वाटेत जळत असेल, तर उन्हाळी किंवा जंतुसंसर्ग. लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर चरचरत असेल, ओरखड्यावर मीठ पडल्यासारखं, तर कोरडेपणाचा संशय घ्यायचा. मग बाकीचं विचारते. उकिडवं बसून निंदताना, बैलगाडीत बसताना टोचतं का? खाज, ओढल्यासारखं वाटतं का? संबंधाच्या वेळी सुरुवातीलाच दुखतं का? हा शेवटचा प्रश्न आम्हीच टाळतो. आम्ही टाळला की बाईही गप्प बसते आणि घरात नवरा समजतो, हिचं मन उडालं. मन उडालेलं नसतं. दरवेळी दुखतं म्हणून अंग आधीच आखडतं, आखडलं की आणखी दुखतं.

आणखी एक घोटाळा आहे. या दोन्हींपेक्षा वेगळा, खरा जंतुसंसर्ग कोरडेपणामुळेच वारंवार होऊ शकतो. योनीत चांगले जिवाणू असतात, ते तिथे आम्लता राखतात आणि बाहेरच्या जंतूंना पाय रोवू देत नाहीत. इस्ट्रोजेन घटलं की त्यांचं खाद्य कमी होतं, आम्लता उतरते, आणि शौचाच्या जागेचे जंतू लघवीच्या वाटेत शिरतात. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीला घाण वास, गढूळपणा किंवा रक्त दिसलं की लघवी तपासायलाच हवी. तेव्हा गोळ्या लागतात आणि पूर्ण घ्याव्या लागतात. शुगर असेल तर तीही तपासा. दह्यासारखं पांढरं जाऊन खूप खाज सुटत असेल तर ते बुरशीचं असू शकतं, त्याचं औषध आणखी वेगळं. पण लघवीत काहीच न सापडता तिसऱ्यांदा, चौथ्यांदा अँटिबायोटिक घेत असाल, तर थांबा आणि दुसरं कारण शोधायला सांगा.

उपाय आहेत. संबंधाच्या वेळी लावायची, पाण्याच्या बेसची जेली औषधाच्या दुकानात मिळते. खोबरेल तेल बऱ्याच जणी वापरतात, पण निरोध वापरत असाल तर नको, तेलाने तो फाटतो. आतून साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी बंद करा, कोरडं अंग त्याने आणखी सोलतं. बाहेरून साधं पाणी पुरे. आणि खरा उपचार म्हणजे योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. मात्रा अगदी थोडी असते, रक्तात फार कमी उतरते. सुरुवातीला रोज रात्री दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा, असं बहुधा सांगतात. १९९३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या आणि वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या बायकांना असंच क्रीम दिलं. नुसतं क्रीम, ज्यात औषध नव्हतं, ते लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला, औषधाचं लावणाऱ्यांना ०.५ वेळा. म्हणजे गोळ्यांच्या पुड्या वाचतात त्या याच्याने. मात्र आठ दिवसांत फरक नाही म्हणून ट्यूब कोपऱ्यात टाकू नका, पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात. स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

एक गोष्ट मात्र कोरडेपणावर ढकलू नका. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर कधीही रक्ताचा एक डागही दिसला, तर तपासणी हवीच. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असू शकते.

त्या बाईला मी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं तेव्हा ती म्हणाली, "तिथं मानूस डॉक्टर असन तर मी काय सांगू?" मी केसपेपरच्या मागे लिहून दिलं: पाळी बंद होऊन चार वर्षं झाली, आत कोरडं वाटतं, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीचा रिपोर्ट साफ आहे. तिने तो कागद चौकोनी घडी करून ब्लाउजमध्ये खोचला आणि एसटी पकडली. तोंडाने सांगणं जड जात असेल तर तुम्हीही असंच लिहून न्या. नुसतं "लघवीला जळजळ" म्हणाल, तर बहुधा पुन्हा त्याच गोळ्या मिळतील.