पऱ्हाटीचे गणित धुऱ्यावर सुटते

विदर्भात उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाली की वावरात उरते ती पऱ्हाटी. कापूस वेचून झालेले हे वाळके झाड पुढच्या पेरणीआधी निघायलाच हवे. कोणी मजूर लावून उपटतो, कोणी रोटावेटरने जागच्या जागी चुरा करतो, आणि कितीतरी जण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग रचून काडी लावतात. एका हेक्टरमागे साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. देशात कापसाखाली १ कोटी हेक्टरहून जास्त जमीन आहे, तेव्हा ढिगांचा आकार किती असेल याचा अंदाज प्रत्येकाला करता येईल.

खरे तर पऱ्हाटी हे लाकूडच आहे. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे लाकडाचे तिन्ही मुख्य घटक तिच्यात आहेत. वाळलेली किलोभर पऱ्हाटी जाळली तर ४,००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता मिळते. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कापसावर काम करते आणि तिचे एक केंद्र नागपुरात आहे. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि ब्रिकेट करता येतात हे या संस्थेने केव्हाच दाखवून दिले आहे.

ब्रिकेट म्हणजे दाबून केलेली जळाऊ कांडी. धंद्यात तिला व्हाइट कोल म्हणतात. आधी पऱ्हाटीची कुटी करायची, मग ती बारीक दळायची आणि साच्यातून प्रचंड दाबाने पुढे ढकलायची. घर्षणाने साचा तापतो, लिग्निन मऊ पडते आणि तेच गोंदाचे काम करते. बाहेरून चिकटवायला काहीच लागत नाही. भुशात ओल ८ ते १२ टक्के असावी लागते. जास्त असली तर आत वाफ कोंडून कांडी तडकते आणि फार कमी असली तर बांधणीच होत नाही.

एखादे तंत्र कल्पनेपासून प्रत्यक्ष वापरापर्यंत किती पुढे आले हे मोजायला नासाने १९७०च्या दशकात एक मोजपट्टी बनवायला घेतली. आज ती ९ पायऱ्यांची आहे. त्या पट्टीवर ब्रिकेटचे यंत्र अगदी वरच्या पायरीवर बसेल, कारण ते बाजारात तयार मिळते आणि ठिकठिकाणी चालते. तरीही पऱ्हाटी जळतेच आहे. मला वाटते, आपण यंत्राची तयारी मोजतो, पण वावरापासून यंत्रापर्यंतच्या वाटेची तयारी कोणी मोजत नाही. नफा-तोटा ठरतो तो त्याच वाटेवर.

पहिली अडचण आकाराची. उभी पऱ्हाटी ट्रॉलीत रचली की ट्रॉली डोळ्यांना गच्च भरलेली दिसते, काट्यावर मात्र वजन भरत नाही. कुटी केली तर घनमीटरला दीडशे किलोच्या आसपास माल बसतो, ब्रिकेट केल्यावर सहाशेच्या पुढे. म्हणजे न कापलेली पऱ्हाटी २०-२५ किलोमीटरवरच्या कारखान्यात नेणारा मुख्यतः हवा वाहून नेत असतो आणि डिझेल त्या हवेवर खर्च होते. म्हणून कुटीयंत्र धुऱ्यावरच जायला हवे.

दुसरी अडचण पाण्याची, आणि इथे अनेकांचा हिशेब चुकतो. नुकत्याच उपटलेल्या पऱ्हाटीत ३० टक्के ओल आहे असे धरू. मग १ टन मालात ३०० किलो पाणी आले. १ किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला ६०० किलोकॅलरीच्या घरात उष्णता लागते. ३०० किलोंसाठी झाली १ लाख ८० हजार, म्हणजे जवळपास ४५ किलो सुक्या पऱ्हाटीची उष्णता नुसते पाणी उडवण्यात गेली. शिवाय ते ३०० किलो पाणी पऱ्हाटीच्या भावाने विकत घेतले आणि त्याचे भाडेही भरले. मार्च-एप्रिलचे विदर्भातले ऊन हे काम फुकट करते. तेव्हा वावरातच पसरून वाळवलेल्या मालाला जास्त भाव आणि ओल्याला कमी, असा दर ओलावा मोजून ठरायला हवा. सोयाबीनची ओल मोजून भाव ठरतो हे इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहेच. पऱ्हाटीलाही तोच न्याय लावला तर त्याला ते समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरी अडचण काळ्या मातीची. मुळासकट उपटलेल्या पऱ्हाटीबरोबर माती येते, मातीत सिलिका असते आणि ती साचा व पाती झिजवते. जमिनीच्या वर कापली तर माती येत नाही, पण धसकटे वावरात राहतात. शेतीच्या दृष्टीने मुळासकट काढणेच बरे. गुलाबी बोंडअळी न उमललेल्या, किडक्या बोंडांमध्ये सुप्तावस्थेत दडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. २०१७ साली या अळीने विदर्भात केलेले नुकसान लोक विसरलेले नाहीत. हंगाम वेळेत संपवा, फरदड (हंगामानंतर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी वावरात ठेवू नका, हा सल्ला त्यासाठीच दिला जातो. पऱ्हाटी उचलणारा माणूस नुसते जळण नेत नाही, पुढच्या वर्षीची अळीही कमी करतो. हा फायदा कारखान्याच्या वहीत कुठेच दिसत नाही, पण तो खरा आहे. झटकून, दोन-चार आठवडे उन्हात ठेवून माती गाळता येते, मात्र बोंडे झडण्याआधी माल वावराबाहेर गेला पाहिजे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल गावोगावी पोचली, त्याची कारणे या बाबतीत शिकण्यासारखी आहेत. तूर गावातच होती आणि डाळ विकली नाही तरी घरात खपत होती. यंत्र एखाद्या खोलीत मावत होते आणि वर्षातले काही महिने बंद राहिले तरी चालवणारा बुडत नव्हता. ब्रिकेटच्या कारखान्याला यातली शेवटची सवलत नाही. पऱ्हाटी मिळते हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्यात, बॉयलरला जळण लागते बारा महिने. मधल्या पावसाळ्यासाठी माल कोरडा साठवायचा, आगीपासून जपायचा आणि त्यात अडकलेल्या पैशावर व्याज भरायचे. तुराट्या जोडीला घेतल्या तर ओझे थोडे हलके होते.

गिऱ्हाईक आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर काही टक्के जैवइंधन जाळणे बंधनकारक केले आणि कोराडी, खापरखेडा, पारस, चंद्रपूर ही केंद्रे विदर्भातच आहेत. तिथे दळता येतील अशा पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या छोट्या गोळ्या, लागतात, पुरवठा प्रचंड आणि सलग लागतो. गावपातळीवरच्या छोट्या उद्योगाने आधी जवळचे बॉयलर शोधावेत असे माझे स्पष्ट मत आहे. नागपूरच्या दहनघाटांवर शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेली मोक्षकाष्ठे लाकडाऐवजी वापरली जातात. तिथे स्पर्धा स्वस्त कोळशाशी नाही, महाग लाकडाशी आहे.

एका गोष्टीची मात्र मनापासून काळजी वाटते. आज भूमिहीन घरातल्या बाया पऱ्हाटीचे भारे चुलीसाठी फुकट आणतात. तिला भाव आला की धुऱ्यावरचा तो हक्क जाईल. त्यांच्या बचत गटाला गोळा करण्याचे आणि वाळवण्याचे काम ठरलेल्या दराने मिळाले पाहिजे, आणि चुलीपुरता वाटा बाजूला काढला पाहिजे. जमिनीचेही देणे आहेच. सगळी पऱ्हाटी दरवर्षी उचलली तर आधीच सेंद्रिय कर्ब कमी असलेली माती आणखी उपाशी राहील. म्हणून काही वावरांत एक वर्षाआड चुरा करून मातीत मिसळावी आणि बॉयलरची राख शक्य तितकी शेतात परत यावी, कारण पालाश तिच्यातच उरतो.

सुरुवात करायची तर ब्रिकेटचे यंत्र आधी घेऊ नये. ट्रॅक्टरवर चालणारे कुटीयंत्र, ओलावा मोजायचे साधे उपकरण आणि वजनकाटा एवढ्यावर एक हंगाम काढावा, नुसती कुटी जवळच्या एखाद्या बॉयलरला विकून पाहावी. साठवणीला उन्हाळ्यात रिकामे पडणारे जिनिंगचे आवार भाड्याने मिळू शकते. तिथे काटा असतो, वीज असते, आणि कापसामुळे आग विझवण्याची सोयही असते. त्या हंगामात टनामागे मजुरी, डिझेल आणि भाडे किती पडले, माल कोणत्या ओलीला मिळाला आणि किती किलोमीटरपलीकडे परवडेनासा झाला, हे आकडे हाती आले की मग बँकेत जावे.